शुक्रवारची इंग्रजी कहाणी

शालन, तू गेल्यावर सगळ्यात जास्त कोण रडलं यावरून आपल्या गल्लीत जवळजवळ चढाओढ लागली होती, आणि तीत मी हरले. कोपऱ्यावरची फुलवाली रडली. आपल्या दुकानातून बटणं नेणारा म्हातारा शिंपी दुकानाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. आपल्याला इंग्रजी शिकवणाऱ्या लोबो मिस एवढ्या थकल्यात, तरी रिक्षातून आल्या आणि तुझ्या फोटोसमोर उभ्या राहून रुमालानं डोळे पुसत राहिल्या. आणि मी, तुझी सख्खी जाऊ, तुझं लग्न झाल्यापासून तुझ्याबरोबर एका ओट्यावर स्वैपाक केलेली, मी आत चहाचं आधण ठेवत होते. साखरेचा डबा तू कुठे हलवलास ते कळत नव्हतं म्हणून तुझ्यावर चिडले होते. बाहेर एक बाई दुसरीला म्हणाली, "मोठीच्या डोळ्यांत पाणी नाही बघ." ते मी ऐकलं. खरं सांगते, तेव्हा मला दुःखाच्या आधी हेवा वाटला. मेल्यावरसुद्धा तूच पुढे.

बायका म्हणत होत्या, सवाष्ण गेली, भाग्याची. त्याचा मात्र मला हेवा वाटला नाही. तुझं दुखणं, दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले, ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून धाकटे भावजी दमले आहेत. मी ते इथे सांगत नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे आणि ते मिटवायच्या आत तू निघून गेलीस.

आधी हे सांगते की तू या घरात आलीस तेव्हापासून मला तुझा हेवा वाटत होता. मी बंगळूरचीच. माझं माहेरही इथलंच, शिवाजीनगरच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर. आपलं मराठी म्हणजे निम्मं कानडी, त्यात मी वाढले. तू निपाणीहून आलीस आणि स्वतःबद्दल पुरुषांसारखं बोलायला लागलीस, "मी येतो," "मी जातो." सगळं घर हसलं. महिना झाला नाही तोच गल्लीतल्या पोरी "मी येतो, मी जातो" करू लागल्या, आणि एकदा दुकानात गिऱ्हाइकासमोर माझ्याही तोंडून "देतो" गेलं. मी मोठी सून, घराची रीत मी शिकवायची, आणि रीत मात्र तुझी लागली. तुझी शेंगदाण्याची चटणी केली की सासूबाई दोन घास जास्त जेवायच्या. माझ्या हातचं त्यांनी कधी नावाजलं नाही. "सरी," म्हणायच्या, म्हणजे ठीक आहे. इतक्या वर्षांत मला त्या "सरी"च्या वर काही मिळालं नाही.

पण तो सगळा फुटकळ हेवा. खरा हेवा इंग्रजीच्या क्लासमुळे सुरू झाला.

माझी मेघा आणि तुझी गौरी इंग्रजी शाळेत गेल्या आणि शाळेतून आयांना बोलावणी यायला लागली. आपण दोघी शाळेच्या बाकावर शेजारी बसून नुसत्या माना हलवायचो. मग चर्चमागच्या हॉलमध्ये लोबो मिस दुपारी बायकांना इंग्रजी शिकवतात असं कळलं. मंगळवारी आणि शुक्रवारी. मी यांना विचारलं, तू भावजींना विचारलंस. भावजी पीण्या भागातल्या कारखान्यातून पाळी संपवून आलेले, झोपेतच हो म्हणाले. राहिल्या सासूबाई. त्यांना आपण कानडी रीतीनं अत्ते म्हणायचो. त्या म्हणाल्या, "जावा. पण एक. तिथे काय शिकवतात ते मला घरी येऊन सांगायचं. सुना घराबाहेर जाऊन काय ऐकतात ते मला कळाय हवं."

मी म्हटलं, यात काय मोठंसं. सांगू.

लोबो मिसची पद्धत तुला आठवत असेल. पहिले काही महिने त्यांनी आपल्याकडून बाजारहाट, दवाखाना, बसचं तिकीट असली वाक्यं पाठ करून घेतली. मग एके दिवशी त्यांनी सायक्लोस्टाइल केलेले कागद वाटले आणि म्हणाल्या, आता पुरे झाली वाक्यं, आता गोष्ट वाचायची. एका दिवसाला एक परिच्छेद, त्याहून जास्त नाही. प्रत्येकीनं एक ओळ मोठ्यानं वाचायची. शब्द अडला की थांबायचं, शेजारणीला विचारायचं, तिला नाही आलं तर मिसला.

तुझी ओळ आली की तू माझ्याकडे बघायचीस. तुला अक्षरं लागायची, पण ती एकामागून एक धावत नव्हती. मी खालच्या आवाजात सांगायचे आणि तू मोठ्यानं म्हणायचीस. घरी आल्यावर दुपारी आपण गच्चीवर बटणं पत्त्यावर टाचायला बसायचो. दुकानात बटणं सुटी विकत नसत, पुठ्ठ्याच्या पत्त्यावर दोऱ्यानं टाचून ठेवावी लागत, आणि ते काम घरच्या बायकांचं. तू टाचायचीस, मी त्या दिवसाचा परिच्छेद पुन्हा वाचून एकेका ओळीचा अर्थ सांगायचे. शब्दकोश माझ्या मांडीवर असायचा. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे हे कुणालाच आठवलं नाही. दळण सगळं माझं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यास तू.

गोष्ट साधी होती. थंड देशातलं समुद्राकाठचं गाव. गावाच्या टोकाला शेवटचं घर, त्यात मार्था नावाची एक बाई एकटी राहते. तिचा धाकटा भाऊ टॉम भांडण करून जहाजावर निघून गेलेला. ती रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावून ठेवते, तो आला तर त्याला घर दिसावं म्हणून. बस, एवढंच. पहिल्या पानावर लिहिलं होतं की मार्था फार कमी बोलणारी बाई होती. हे नीट लक्षात ठेव, कमी बोलणारी.

पहिला परिच्छेद झाला तो श्रावणातला शुक्रवार होता. आपण क्लासहून आलो तेव्हा घरात गल्लीतल्या बायका जिवतीच्या कहाणीला जमलेल्या. कहाणी संपली, हातातले तांदूळ देवीवर पडले, आणि सासूबाई आपल्याला म्हणाल्या, "आता तुमच्या शाळेतलं सांगा."

मी सांगितलं. एका गावात मार्था नावाची स्त्री राहत होती, ती कमी बोलत असे, तिला टॉम नावाचा भाऊ होता. सगळं बरोबर सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बायका जांभया द्यायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "सरी." आणि मग तू म्हणालीस, "अक्का, मी स्वल्प सांगू का?"

मार्थाची तू मार्तक्का केलीस. ठीक आहे, बंगळुरात थोरली बाई दिसली की तिला अक्का लावतातच. पण तुझी मार्तक्का सकाळी उठल्यापासून बोलायला लागली. दूधवाल्याला बोलली, पाणी मिसळतोस म्हणून. शेजारणीला बोलली, ओले कपडे माझ्या दारावर का टांगतेस म्हणून. कंबरेला किल्ल्या, हात कंबरेवर, तोंड अखंड चालू. आणि संध्याकाळ झाली की बडबडत बडबडतच दिवा लावायला जाते, "मेला गेला तो गेला, एक पत्र नाही, घासलेट तेल महाग," आणि वात मात्र जरा मोठीच करते. बायका खदखदून हसल्या. बसल्या जागी एकीनं पुन्हा चिमूटभर तांदूळ हातात घेतले, कारण कहाणी रिकाम्या हातानं ऐकायची नाही. मग सगळ्यांनीच घेतले. त्या दिवसापासून श्रावण संपला तरी दर शुक्रवारी गल्लीतल्या बायका तांदूळ घेऊन तुझी इंग्रजी कहाणी ऐकायला यायच्या. लोबो मिसची गोष्ट आपल्या देवघरात शुक्रवारची कहाणी झाली. असं दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसेल.

मला ते सहन व्हायचं नाही. तू सुरू केलंस की मी उठून स्वैपाकघरात जायचे. काम काही नसायचं. मी भांडी विसळायचे, पुन्हा लावायचे. तुझा आवाज तिथपर्यंत यायचा. निपाणीच्या माळावरचा आवाज, मी मनात म्हणायचे, हिला हळू बोलताच येत नाही. मग मी भांडी जरा जोरात ठेवायचे.

गच्चीवर मी तुला विचारायचे, "कागदावर काय लिहिलंय? कमी बोलणारी. आणि तुझी बाई दिवसभर कावकाव करते. ही कुठून आणलीस?"

तू दोरा दातानं तोडत म्हणायचीस, "मला तशी दिसती, अक्का."

"दिसती म्हणे. कागदावर आहे ते सांगायचं."

"कागदावरची लांब हाय. ती काय मला भेटली नाही."

क्लासातही तेच. लोबो मिस प्रश्न विचारायच्या, मार्था दिवा का लावते. मी पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे, व्याकरणासकट. मिस म्हणायच्या, "व्हेरी गुड," आणि पुढच्या बाईकडे वळायच्या. तू म्हणायचीस, "मिस, शी अँग्री. बट शी लाइट लाइट." सगळा वर्ग हसायचा. पण मिस पेन खाली ठेवून खुर्ची तुझ्याकडे वळवायच्या आणि हळूहळू, तुला कळेल असं इंग्रजी बोलत विचारायच्या, का चिडली आहे, कुणावर चिडली आहे, अजून सांग. मला त्यांनी "गुड" दिलं आणि तुला वेळ दिला. घरी येताना रस्त्यात तू माझा हात धरून चालायचीस, बसगाड्यांना घाबरून, आणि माझ्या पोटात नुसतं दुखत असायचं.

मग एका मंगळवारी शेवटचा परिच्छेद आला. बर्फ पडत असतो. मार्था दिवा लावते. दारावर थाप पडते. ती दिवा उचलते, दाराशी जाते, कडीवर हात ठेवते. आणि संपलं. बायकांनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा. पुढच्या बाकावरची एक जण म्हणाली, "मिस, एक पान कमी हाय काय?" मिस हसून म्हणाल्या, नाही, एवढीच गोष्ट आहे. लिहिणाऱ्यानं इथेच थांबायचं ठरवलं, पुढचं तुम्ही मनात ठेवायचं.

सगळा वर्ग कुरकुरला. मी नाही. मला एकदम कळलं की ही गोष्ट इथेच पूर्ण झाली आहे, दार उघडलं तर ती बिघडेल. मी हात वर करून तसं सांगितलं. मिसनी माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "यस. एक्झॅक्टली." त्या एका शब्दावर मी शिवाजीनगरच्या गर्दीतून तरंगत घरी आले. आणि तू शेजारून चालताना तोंड पाडून म्हणत होतीस, "असं कसं, अक्का? बाहेर कोणतरी थंडीत उभं हाय."

मी म्हटलं, "कोण उभं आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही."

"लिहिणाऱ्याला नसंल," तू म्हणालीस. "जो उभा हाय त्याला ठाऊक हाय की."

त्या शुक्रवारी तू बाजूला बसली होतीस. मागच्या बोळात, धुण्याच्या दगडाशेजारी तुझी चटई, पाण्याचा तांब्या. देवघरात यायचं नाही, कहाणी सांगायची नाही. सासूबाईंचा तो नेम कडक होता. मला मनातून बरं वाटलं. आज शेवट माझा होता. मी चांगली साडी नेसले. बायका आल्या, तांदूळ घेऊन बसल्या, आणि मी सांगायला लागले. चांगलं सांगितलं, शालन. सावकाश सांगितलं. बर्फ सांगितला, थाप सांगितली. कुणी जांभई दिली नाही. मी म्हटलं, "आणि तिनं कडीवर हात ठेवला," आणि थांबले.

बायका थांबल्या.

"पुढं?" सासूबाई म्हणाल्या.

"पुढं काही नाही. गोष्ट संपली."

"दार उघडलं का?"

"ते नाही लिहिलं."

"आला कोण?"

"ते आपण मनात ठेवायचं, अत्ते."

सासूबाईंनी आपल्या मुठीकडे बघितलं. मूठ मिटलेली, तांदूळ आत. अर्धी कहाणी ऐकून तांदूळ टाकता येत नाहीत, आणि तांदूळ टाकल्याशिवाय उठता येत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं, मी त्याच घरात वाढल्यासारखी होते. फुलवालीला दुकान उघडायचं होतं. एकीचं दूध उतू जायची वेळ झाली होती. एक जण म्हणाली, "असं अर्धं ठेवणं घराला बरं नाही ओ." मी त्यांना समजावत होते की इंग्रजीत अशी रीत असते, मिसनी सांगितलंय. कुणी माझं ऐकत नव्हतं. सगळ्या बायका मुठी मिटून माझ्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात मागच्या बोळातून तुझा आवाज आला. "अक्का, मी इथनं सांगू काय?"

मी काही म्हणायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "सांग, सांग. आवाजाला काय विटाळ."

आणि तू सांगितलंस. दार उघडलं तर टॉम नव्हता. एक पोरगी होती, पोरसवदाच, काखेत बोचकं. म्हणाली, मी तुमच्या भावाची बायको, ते मागनं येत्यात, सामान राहिलंय. मार्तक्कानं दिवा वर धरला, तिला नखशिखान्त बघितलं, तोंड वाकडं केलं. आणि म्हणाली, "तो येईल तेव्हा येईल. तुला किती उभी ठेवायची? आत ये, पाय धू."

तू म्हणालीस, "सुफळ संपूर्ण." तांदूळ देवीवर पडले. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. बायका समाधानानं उठल्या आणि आपापल्या घरी गेल्या, आणि मी चांगल्या साडीत तिथेच बसून राहिले.

तिथपासून आपलं ते भांडण. मी म्हणायचे, तू गोष्ट बिघडवलीस. तू म्हणायचीस, बिघडवली नाही, आत घेतली. मी म्हणायचे, टॉम आला का नाही ते तर तूही सांगितलं नाहीस. तू म्हणायचीस, येईल की. मी म्हणायचे, आणि पाय धू काय? साहेबाच्या देशात बर्फात कोण पाय धुतं? मोजे असतात त्यांच्या पायात. तू हसायचीस. आपलं कशावरूनही वाजलं, मीठ जास्त पडलं, पोरींची वेणी कुणी घालायची, की मी शेवटी तिथेच यायचे. "पाय धू म्हणे." तू नुसती बघायचीस माझ्याकडे.

तुझे उपकारही मला कधी नीट घेता आले नाहीत. मेघाला शाळेतून काढतील अशी वेळ आली होती, आठवतं? मी सगळी वाक्यं घोकून गेले आणि मुख्याध्यापकांसमोर माझी दातखीळ बसली. एवढी "व्हेरी गुड" मिळवलेली मी. तू पुढे सरकलीस आणि म्हणालीस, "सर, गर्ल गुड. स्वल्प टाइम गिव्ह." ते हसले. त्यांनी वेळ दिला. मेघा त्याच शाळेतून पास झाली. घरी आल्यावर मी तुला म्हटलं, स्वल्प हा इंग्रजी शब्द नाही. दुसरं काही म्हणायचं होतं मला, पण तोंडातून तेवढंच बाहेर पडलं.

परवा तुझा तेरावा झाला. जेवणं आटोपली, पुरुष बाहेर बसले. मी आत भांडी विसळत होते. बाहेरच्या खोलीत लहान पोरं रडकुंडीला आली होती म्हणून तुझी गौरी त्यांना गोष्ट सांगायला बसली. आवाज तुझाच, शालन. चौदा वर्षांची पोर, आणि तोच माळावरचा आवाज. दूधवाला, ओले कपडे, किल्ल्या, सगळं आलं. माझ्या कपाळाला आठी पडली ती सवयीनं. मग पाहुण्यांतली एक छोटी पोरगी म्हणाली, "एवढी ओरडणारी बाई खरी असती का?"

"असती की," गौरी म्हणाली. "मार्तक्का म्हणजे आपली दोड्डम्मा." दोड्डम्मा म्हणजे मोठी आई. पोरं मला तेच म्हणतात.

मी ओल्या हातानं दारात आले. म्हटलं, "कुणी सांगितलं तुला हे?"

गौरी घाबरली. "आईनं. आई लग्न होऊन आली तेव्हा पप्पा बसस्टँडवर ट्रंक शोधत राहिले होते ना. नवऱ्याशिवाय नवरीला उंबरा ओलांडू देत नाहीत म्हणून तिला दारात उन्हात उभी ठेवली. कितीतरी वेळ. मग तू बाहेर आलीस, कंबरेवर हात ठेवून सगळ्यांना बोललीस, आणि म्हणालीस, तो येईल तेव्हा येईल, हिला किती उभी ठेवायची. मागच्या दारानं आत घेतलीस, पाय धुवायला पाणी दिलंस, चहा दिलास. आणि पप्पा आल्यावर परत पुढच्या दारात नेऊन उभी केलीस, माप ओलांडायला."

मला हे आठवत नाही, शालन. मी खूप आठवून बघितलं. मला त्या दिवसाची ट्रंक आठवते, जेवायला किती पानं जास्त झाली ते आठवतं, आणि तुझा शालू माझ्या शालूपेक्षा भारी होता ते आठवतं. तुला दिलेला चहा आठवत नाही.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुला ठाऊक नव्हतं? साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून तर बायका एवढ्या हसायच्या."

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"ती सांगत होती की. दर शुक्रवारी. तू बसायची कुठं? कहाणी सुरू झाली की तू आत." आणि मग म्हणाल्या, "मी तिला म्हटलं एकदा, एवढ्या मोठ्यांदा कशाला सांगतीस, आम्ही काय बहिऱ्या आहोत? तर म्हणाली, अत्ते, आत ऐकू जायला हवं."

मी परत आत आले. नळ सुरू केला आणि मग बंद केला. त्या दिवशी मी रडले. बघायला तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे गल्लीच्या चढाओढीत ते धरायचं नाही.

तुझा शेवट मला अजून पटत नाही. ती गोष्ट कडीवरच संपते, लोबो मिस म्हणाल्या तसं, एक्झॅक्टली. पण तुझी सगळी गोष्ट मी पहिल्यापासून ऐकली नाही, तर भांडू कशाच्या जोरावर? मधल्या कितीतरी शुक्रवारी तू काय काय सांगितलंस, मार्तक्का कधी चिडली, कधी हसली, तिच्याबद्दल तुला काय वाटायचं, ते फुलवालीला ठाऊक आहे. जिचं दूध उतू जायला आलं होतं तिला ठाऊक आहे. ज्यांची नावंही मला धड येत नाहीत त्या बायका मूठभर तांदूळ घेऊन समोर बसल्या आणि त्यांनी आयतं सगळं ऐकलं. तू ओरडून सांगत होतीस ते मला, आणि मी आत भांडी आपटत होते. त्या एकेकीचा मला हेवा वाटतो, शालन. तुझा वाटायचा त्याहून जास्त.